नवरा-बायकोच्या केसचं अपील करायचं, पण कोर्ट फीचं काय? महिलांना माफी, इतरांनाही सवलत. मुदत मात्र कुणाला माफ नाही

घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा, घरगुती हिंसाचार. तालुक्याच्या कोर्टात या केसेस रोज चालतात. निकाल विरोधात गेला की माणूस घरी येऊन पहिला हिशेब करतो तो पैशाचा. वरच्या कोर्टात जायचं म्हणजे स्टॅम्प किती लागेल, वकील किती घेईल, मुंबईला की औरंगाबादला, जायचं कसं. कापूस विकल्यावर बघू, ऊसबिल आलं की बघू, असं म्हणत महिने निघून जातात. पैसे जमतात तेव्हा अपिलाची मुदत संपलेली असते. आणि मग कळतं की ज्या फीसाठी थांबलो ती आपल्याला भरायचीच नव्हती.

म्हणून या विषयातली माहिती एका जागी दिली आहे. ही माहिती महाराष्ट्रातल्या कोर्टांपुरती आहे. शेजारच्या राज्यात केस असेल तर तिथला फीचा कायदा वेगळा लागतो.

१९९४ ची अधिसूचना: महिलांना कोर्ट फी माफ

महाराष्ट्रात कोर्टाची फी ठरते ती महाराष्ट्र न्यायालय शुल्क अधिनियम, १९५९ या कायद्याने. याच कायद्याच्या कलम ४६ मध्ये राज्य सरकारला फी कमी करण्याचा किंवा माफ करण्याचा अधिकार दिलेला आहे. तो अधिकार वापरून सरकारने १ ऑक्टोबर १९९४ रोजी अधिसूचना काढली. पक्षकार महिला असेल आणि केस पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसाचार किंवा घटस्फोट यापैकी असेल, तर तिला कोर्ट फी माफ. दिवाणी कोर्ट, कौटुंबिक न्यायालय, फौजदारी कोर्ट, तिन्ही ठिकाणी.

यात दावा आणि अर्ज तर आलेच, पण अपिलाचा मसुदाही आला. ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. खालच्या कोर्टात बाईला फी लागली नाही, पण अपिलाला लागेल असं सांगणारे कोर्टाच्या आवारातच भेटतात. तसं नाही. केस त्या चार प्रकारांत बसत असेल तर अपिलालाही माफी आहे. बाई श्रीमंत की गरीब, कुठल्या जातीची, कुठल्या धर्माची, माहेरी राहते की सासरी, हे अधिसूचना विचारत नाही. उत्पन्नाचा दाखलाही त्यासाठी लागत नाही.

तरीही दोन ठिकाणी सांभाळावं लागतं. एक म्हणजे ‘मालमत्तेचा वाद’. लग्नसंबंधातून उभा राहिलेला वाद, म्हणजे स्त्रीधन, लग्नात दिलेलं सोनंनाणं, नवरा-बायकोच्या नावावरचं घर, असाच त्याचा अर्थ धरला जातो. बापाच्या जमिनीत वाटा मागायला भावांविरुद्ध दावा लावला आणि त्याचं अपील करायचं असेल, तर या माफीवर डोळे झाकून विसंबू नये. आधी वकिलाकडून खात्री करून घ्यावी, कारण अशा दाव्यात फी मालमत्तेच्या किमतीवर लागते आणि आकडा मोठा होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे माफी कशाची ते नीट समजून घेणे. माफी आहे ती कोर्ट फीची. वकिलाची फी, टायपिंग, झेरॉक्स, एसटीचं भाडं हे त्यात येत नाही. वकीलपत्रावर लागणारं अधिवक्ता कल्याण निधीचं तिकीट वेगळ्या कायद्याचं आहे, ते लावावं लागतं. म्हणून वकील ‘खर्च येईल’ म्हणाले तर ते खोटं बोलतात असं लगेच धरू नये. पण खर्च कशाकशाचा ते कागदावर लिहून मागावं. त्यात ‘कोर्ट फी’ म्हणून रक्कम दिसली तर १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेचं नाव घ्यावं. तारीख पाठ असली की समोरचा माणूस सावध होतो.

माफी मागायला वेगळा मोठा अर्ज करावा लागत नाही. अपिलाच्या मसुद्यात कोर्ट फीचा एक परिच्छेद असतो. तिथेच लिहायचं की अपील करणारी महिला आहे, वाद अमुक प्रकारचा आहे, आणि सदर अधिसूचनेप्रमाणे फी माफ आहे. मसुद्यावर सही करण्याआधी तो परिच्छेद वाचून घ्यावा किंवा वाचून दाखवायला सांगावा.

पुरुषांना काय?

ही माफी फक्त महिलांना आहे. नवऱ्याने अपील केलं तर त्याला फी भरावी लागते. मात्र नुसत्या घटस्फोटाच्या किंवा नांदायला आणण्याच्या केसमध्ये फी ठरावीक असते, मालमत्तेच्या दाव्यासारखी लाखांवर टक्का अशी नसते. खरा खर्च बाकीचाच असतो. तोही झेपत नसेल तर दोन वाटा आहेत. एक विधी सेवेची, दुसरी नादारीच्या अर्जाची. या दोन्ही वाटा बाईलाही खुल्या आहेत. मालमत्तेच्या दाव्यात जिथे माफी लागू होत नाही, तिथे बाईला याच कामी येतात.

मोफत वकील: तालुक्याच्या कोर्टातच अर्ज

प्रत्येक तालुका कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते आणि जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. उच्च न्यायालयात त्यांची वेगळी समिती आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये कुणाला मोफत मदत मिळते ते दिलेलं आहे. महिला आणि मुलं यांना उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती आणि जमातीच्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. दिव्यांग व्यक्ती, कारखान्यातला कामगार, कोठडीत असलेला माणूस, यांनाही नाही. पूर, दुष्काळ, भूकंप अशा आपत्तीत सापडलेल्यांचाही त्यात उल्लेख आहे, हे शेतकऱ्याने लक्षात ठेवण्यासारखं. बाकी सगळ्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि महाराष्ट्रात ती वर्षाला ३ लाख रुपये आहे.

म्हणजे दोन-तीन एकर कोरडवाहू असलेला खुल्या प्रवर्गातला शेतकरी नवराही यात बसू शकतो. बायकोने केस केली म्हणून सरकारी मदत फक्त तिलाच, असा जो समज गावात असतो तो बरोबर नाही. केस लावणाऱ्याला आणि केसला तोंड देणाऱ्याला, दोघांनाही अर्ज करता येतो.

मदत म्हणजे नुसता वकील नव्हे. कोर्ट फी, समन्स-नोटिशीचा खर्च, निकालाच्या नकला, मसुदा तयार करणं, कागदपत्रांचं भाषांतर, हे सगळं विधी सेवेत येतं. भाषांतराचा खर्च गावाकडच्या माणसाच्या डोक्यातच नसतो. तालुक्याचा निकाल, जबाब, अर्ज सगळं मराठीत असतं. उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं. शंभर पानांचा तरजुमा करून घ्यायचा म्हटलं तर खिसा रिकामा होतो.

अर्ज साधा असतो. सोबत आधार कार्ड, खालच्या कोर्टाचा निकाल आणि जे असतील ते केसचे कागद. उत्पन्नाची अट लागू असेल तर कायदा उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानू शकतो; पण तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला असेल तर प्रश्न कमी विचारले जातात. तो सेतू केंद्रातून मिळतो. अपील उच्च न्यायालयात करायचं असेल तरी मुंबईला अर्ज द्यायला जायची गरज नाही. तालुक्याला किंवा जिल्ह्याला दिलेला अर्ज ते पुढे पाठवतात. चौकशीसाठी १५१०० हा देशभराचा क्रमांक आहे.

या पद्धतीबद्दल गावात एक नाराजी असते: फुकटचा वकील लक्ष देत नाही. काही ठिकाणी तसं होतं, नाकारून उपयोग नाही. पण पॅनेलवरच्या वकिलाला प्राधिकरणाकडून मानधन मिळतं आणि त्याने पक्षकाराकडून वेगळे पैसे घ्यायचे नसतात. कुणी मागितले किंवा तारखेला हजरच राहत नसेल, तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करून वकील बदलून मागता येतो. अर्जच नाकारला तर त्या निर्णयाविरुद्ध अध्यक्षांकडे दाद मागता येते. तोंडी ‘होत नाही’ म्हणाले तर ऐकून परत येऊ नये. अर्जाची पोच घ्यावी.

नादारीचा अर्ज

दुसरी वाट जुनी आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ मध्ये दाव्यासाठी आणि आदेश ४४ मध्ये अपिलासाठी ही सोय आहे. कायद्यात आता ‘निर्धन व्यक्ती’ असा शब्द आहे. कोर्टातले जुने कारकून अजून ‘नादार’ म्हणतात. फी भरण्याइतकं साधन नसलेल्या माणसाला फी न भरता अपील चालवू द्यावं, असा हा अर्ज असतो. त्यासोबत अपिलाचा मसुदा जोडावा लागतो आणि स्वतःच्या सगळ्या मालमत्तेची यादी किमतीसह द्यावी लागते.

‘माझ्या नावावर बैलजोडी आहे, मी नादार कसा?’ असा प्रश्न शेतकऱ्याला पडतो. हिशेबात जप्तीतून सूट असलेल्या वस्तू धरायच्या नसतात. संहितेच्या कलम ६० मध्ये त्यांची यादी आहे: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रीतीप्रमाणे बाईने अंगावरून काढू नये असे दागिने, शेतकऱ्याची अवजारं, पोटापाण्यासाठी लागणारी जनावरं, बियाणं, राहतं घर. ज्या मालमत्तेवरच वाद चालू आहे तीही धरत नाहीत. पण सातबाऱ्यावरची जमीन धरतात. जमीन असून ती लपवली, किंवा अर्जाच्या आधीच्या दोन महिन्यांत मुद्दाम भावाच्या नावावर केली, तर अर्ज फेटाळला जातो. दुसऱ्या कुणी पैसे लावून केस चालवण्याचा करार केला असेल तरी फेटाळला जातो.

अर्जावर चौकशी होते. सरकारी वकिलाला आणि समोरच्या पक्षाला नोटीस जाते, त्यांना विरोध करता येतो. खालच्या कोर्टात ज्याला नादार म्हणून परवानगी मिळाली होती, त्याला अपिलात पुन्हा सगळी चौकशी सोसावी लागत नाही. निकालानंतरही आपली परिस्थिती तशीच आहे असं प्रतिज्ञापत्र द्यायचं. सरकारी वकिलाने किंवा समोरच्याने ते खोडलं तरच चौकशी होते.

आता या वाटेवरचा काटा. नादारीत फी माफ होत नाही, ती पुढे ढकलली जाते. केस जिंकली तर मिळणाऱ्या मालमत्तेवर सरकारचा फीसाठी पहिला हक्क असतो. हरली तर कोर्ट ती फी भरायला सांगतं, आणि नाही भरली तर जिल्हाधिकारी ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करू शकतात. शेतकऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. १९९४ च्या अधिसूचनेत मात्र माफ म्हणजे माफ, मागून कुणी मागायला येत नाही. म्हणून ज्या बाईला अधिसूचना लागू आहे तिने कुणाच्या सांगण्यावरून नादारीच्या अर्जात पडू नये. विनाकारण चौकशीत वेळ जातो.

अर्ज नामंजूर झाला म्हणून अपील तिथेच संपत नाही. फी भरायला कोर्ट मुदत देतं. शिवाय संहितेच्या कलम १४९ मध्ये एक उपयोगाची तरतूद आहे. फी कमी पडली असेल तर कोर्ट ती नंतर भरायची परवानगी देऊ शकतं, आणि तशी भरली की पहिल्या दिवशीच भरली असं धरलं जातं. पुरुष पक्षकाराचे पैसे आठ दिवसांनी येणार असतील आणि मुदत उद्या संपत असेल, तर आज अपील दाखल करून या कलमाखाली अर्ज देणं शहाणपणाचं.

कुठल्या निकालावर कुठं, आणि किती दिवसांत

फीपेक्षा माणसं इथं जास्त फसतात. ज्या जिल्ह्याच्या ठिकाणी कौटुंबिक न्यायालय आहे तिथला निकाल असेल तर अपील थेट उच्च न्यायालयात, दोन न्यायमूर्तींपुढे. तालुक्यात किंवा जिल्ह्यात वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांनी निकाल दिला असेल तर अपील जिल्हा न्यायालयात. गावाकडच्या बहुतेकांचं अपील हेच असतं, मुंबईला जायची वेळच येत नाही.

मुदतीचं असं आहे. हिंदू विवाह कायद्याखालच्या निकालाला अपिलाची मुदत ९० दिवस. कौटुंबिक न्यायालय कायद्यात ३० दिवस लिहिले आहेत, त्यामुळे गोंधळ होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१६ मध्ये सांगितलं की हिंदू विवाह कायद्याच्या केसला कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावरही ९० दिवसच धरायचे. इतर कायद्यांखालच्या निकालांना ३० दिवस समजूनच चालावं. घरगुती हिंसाचार कायद्याखाली न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश असेल तर सत्र न्यायालयात ३० दिवसांत अपील, दिवस मोजायचे ते आदेश हातात पडल्यापासून. फौजदारी कायद्याखालची पोटगी, म्हणजे पूर्वीचं कलम १२५ आणि १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचं कलम १४४, याच्यावर अपील नसतं, पुनरीक्षण अर्ज असतो. न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश असेल तर तो सत्र न्यायालयात ९० दिवसांत. कौटुंबिक न्यायालयाचा असेल तर उच्च न्यायालयात.

आणि नादारीने अपील करण्याच्या परवानगीची मुदत वेगळी आणि कमी आहे. उच्च न्यायालयासाठी ६० दिवस, बाकी कोर्टांसाठी ३० दिवस. अपिलाला ९० दिवस आहेत म्हणून निवांत बसलेला माणूस नेमका इथं अडकतो.

निकालाची नक्कल मिळायला जितके दिवस लागतात तितके मुदतीतून वजा होतात. पण त्यासाठी नकलेचा अर्ज लवकर पडलेला असावा. नकलेच्या मागे अर्जाची तारीख, तयार झाल्याची तारीख आणि दिल्याची तारीख असते. तयार झाल्यावर ती नेली नाही, तर ते दिवस तुमच्या खात्यात जातात. पेरणी होती, लग्न होतं, हे तिथं चालत नाही. उशीर झालाच तर माफीचा अर्ज करता येतो, त्याला सबळ कारण आणि कागद लागतो. दवाखान्याची फाईल चालते. ‘पैसे नव्हते’ एवढंच कारण, आणि तेही ज्या बाईला फीच माफ होती तिचं, कोर्टाला पटवणं अवघड जातं.

नकलेलाही पैसे लागतात म्हणून काहीजण थांबतात. हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोटाचा हुकूमनामा झाला तर त्याची एक प्रत दोन्ही बाजूंना मोफत द्यावी असं त्याच कायद्याचं कलम २३ सांगतं. घरगुती हिंसाचाराच्या आदेशाची प्रत मोफत आहे. फौजदारी कायद्याखालच्या पोटगीच्या आदेशाची प्रत ज्याच्या बाजूने आदेश झाला त्याला मोफत आहे.

मुदत एवढी महत्त्वाची का? हिंदू विवाह कायद्याच्या कलम १५ प्रमाणे घटस्फोटाच्या हुकूमनाम्यावर मुदतीत अपील झालं नाही, तर दोघांनाही दुसरं लग्न करायला मोकळीक मिळते. समजा, एका बाईचं म्हणणं आहे की आपल्याला न कळवता एकतर्फी घटस्फोट झाला. तिला निकाल कळला दोन महिन्यांनी. भाऊ म्हणाला, सोयाबीन निघालं की वकील बघू. चौथ्या महिन्यात ती कोर्टात गेली तेव्हा नवऱ्याच्या घरी मांडव पडून गेलेला होता. उशीर माफ होऊन अपील दाखल होईलही कदाचित, पण गाठ आता तिसऱ्या माणसाच्या संसाराशी पडते.

तडजोडीवर अपील नाही

दोघांच्या संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर कौटुंबिक न्यायालय कायद्यात अपील नाही. म्हणून तडजोडीच्या कागदावर सही करताना पोटगीचा आकडा, मुलांचा ताबा, सोन्याचा हिशेब सगळं वाचून घ्यावं. बाहेर येऊन ‘मला समजलंच नव्हतं’ म्हणण्यात अर्थ राहत नाही. केस चालू असताना मिळालेल्या हंगामी पोटगीच्या आदेशावरही हिंदू विवाह कायद्यात साधं अपील नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात रिट अर्ज करावा लागतो. घरगुती हिंसाचाराच्या केसमधल्या हंगामी आदेशावर मात्र सत्र न्यायालयात अपील होतं.

लोकअदालतीत अपील मिटलं तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. पोटगी, नांदणं, दागिने असे वाद तिथे घेतात. तिथल्या निवाड्यावरही अपील नसतं, एवढं लक्षात ठेवून जावं.

अपिलाचा खर्च समोरच्याकडून

हिंदू विवाह कायद्याचं कलम २४ बहुतेकांना ‘हंगामी पोटगी’ म्हणून माहीत असतं. त्याच कलमात केस चालवण्याचा खर्चही आहे. ज्याला स्वतःचं उत्पन्न नाही तो नवरा असो की बायको, दुसऱ्याकडून वकिलाचा आणि येण्याजाण्याचा खर्च मागू शकतो. हे अपिलातही मागता येतं. नवरा हरला, त्याने अपील केलं आणि बायकोला उच्च न्यायालयाच्या नोटिशीचं पाकीट आलं, की माहेरची माणसं हबकतात. अशा वेळी तिने एका बाजूला विधी सेवेचा अर्ज करावा आणि दुसऱ्या बाजूला या खर्चाचा. समोरच्याला नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत या अर्जाचा निकाल लावावा असं कायदा म्हणतो.

त्यासोबत उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात ते दोन्ही बाजूंना सक्तीचं केलं. नवऱ्याच्या नावावर शेती किती, ट्रॅक्टरचं कर्ज कुणाच्या नावावर, दूध डेअरीला कुणाच्या खात्यावर जातं, हे बायकोला गावात बसून जितकं माहीत असतं तितकं वकिलाला नसतं. सातबारा, आठ-अ ऑनलाइन निघतात. ते काढून द्यावेत.

आणखी एक. नवऱ्याने अपील केलं म्हणून पोटगी आपोआप थांबत नाही. कोर्टाने स्थगिती दिली तरच थांबते, आणि बऱ्याचदा स्थगिती देताना काही रक्कम जमा करायला सांगतात. ‘अपील चालू आहे, आता काही मिळणार नाही’ असं कुणी दारात येऊन सांगितलं तर स्थगितीचा आदेश दाखवायला सांगावा. केसचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक असेल तर ई-कोर्ट्सच्या मोबाईल ॲपवर तारीख आणि आदेश घरबसल्या दिसतात.

कुठलं उच्च न्यायालय

विदर्भातल्या जिल्ह्यांना नागपूर खंडपीठ. मराठवाड्यातले सगळे जिल्हे आणि अहिल्यानगर, धुळे, जळगाव, नंदुरबार यांना छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालं, त्यामुळे तिकडच्या लोकांची मुंबईची रात्रीची गाडी वाचली. बाकीच्यांना मुंबई.

फी भरायचीच असेल तर

ज्यांना फी लागू आहे त्यांनी ती ऑनलाइन भरलेली चांगली. राज्य सरकारच्या ‘ग्रास’ प्रणालीवर किंवा ई-कोर्ट्सच्या पेमेंट पोर्टलवर भरता येते आणि क्रमांक असलेली पावती मिळते. हातात रोख देऊन ‘स्टॅम्प लावून टाकतो’ म्हणणाऱ्याकडे पावती मागावी. अपिलावर किती फी लागली ते मसुद्यावरच दिसतं, लपत नाही.

प्रतिज्ञापत्राला शंभराचा किंवा पाचशेचा स्टॅम्प पेपर आणा, असं अजूनही सांगतात. कोर्टात आणि सरकारी कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क राज्य सरकारने २००४ मध्येच माफ केलेलं आहे. उत्पन्नाचं असो की नादारीचं, ते साध्या कागदावर चालतं. जायच्या आधी पिशवीत आधार कार्ड, निकालाची नक्कल, खालच्या कोर्टातल्या अर्जाची आणि जबाबाची प्रत, उत्पन्नाचा दाखला आणि दोन फोटो टाकावेत. तालुका कोर्टात शिरल्यावर विधी सेवा समितीची खोली कुठली, ते शिपायाला विचारलं की तो दाखवतो.